बड्या दिनाचं पत्र

गोंदियात बर्फ पडत नाही, ही बातमी दर डिसेंबरात साठ घरांना छापून कळवणारा एक माणूस माझ्या ओळखीचा होता. ‘यंदाही आमच्याकडे हिमवृष्टी झाली नाही,’ असं तो लिहायचा आणि त्या वाक्याचे खिळे मी माझ्या हातांनी जुळवायचो. एकदा न राहवून विचारलं, की बडेबाबू, इथे बर्फ पडलं होतं कधी, की न पडल्याची बातमी व्हावी? चष्म्यावरून माझ्याकडे बघत ते म्हणाले, “पुढारी, पत्राला हवामान लागतं.”

मला ते पुढारी म्हणत. त्यात कौतुक नव्हतं. मी तेव्हा विशी-बाविशीचा, बाजारातल्या एका लहान छापखान्यात कंपोझिटर होतो. छापखाना जगत होता तो बिडीच्या लेबलांवर. लाल शाई, हिरवी शाई, पोपट, सूर्य, सिंह. लेबलं कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर मी बिडी वळणाऱ्या बायकांसाठी पत्रकं छापत असे. मालकांना ते ठाऊक होतं, पण ते बघत नसत. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की अपना काम हरफ जमाना है, हरफ के अंदर झाँकना नहीं. माझा जन्मच पत्रकांच्या घरातला. वडील चळवळीत होते. आमच्या कोठीत वर धान आणि खाली पत्रकं असत. त्या पत्रकांवर बोट ठेवूनच मी अक्षरं शिकलो. ‘गूळ’ वाचता येण्याआधी मला ‘गुलामी’ वाचता येत होतं. अशा मुलाच्या वाट्याला बडेबाबूंचं पत्र यावं, ही नियतीची नव्हे, मालकांची योजना होती. ते किचकट काम दुसरं कोणी घेत नसे.

बडेबाबू रेल्वेच्या मालगोदामातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. गोऱ्या साहेबाच्या हाताखाली त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. त्या काळी बड्या दिनाला, म्हणजे नाताळाला, साहेबाच्या बंगल्यावर डाली न्यायची रीत होती. टोपलीत केळी, पपनसं, मिठाई आणि वर झेंडूचा हार. गोदामातले सगळे बाबू मागे आणि टोपली डोक्यावर घेतलेल्या हमालाच्या बरोबरीने बडेबाबू पुढे. साहेब व्हरांड्यात येऊन टोपलीला हात लावायचा आणि “थँक यू, बाबू” म्हणायचा. एवढ्यावर बडेबाबूंचं वर्ष निघायचं. देश स्वतंत्र झाला, साहेब गेला, आणि त्या डिसेंबरात डाली न्यायला बंगलाच उरला नाही. लोक झेंडे लावत होते. बडेबाबू सुतकात होते.

तेवढ्यात विलायतेहून एक लिफाफा आला. साहेबाच्या मडमेनं आपल्या कुटुंबाचा वर्षाचा वृत्तांत पाठवला होता. गुडघा दुखतो, छपराला गळती लागली, समुद्रावर सहल झाली, कुत्रा आजारी पडून उठला, बर्फ उशिरा पडलं. वर मायना होता ‘प्रिय मित्रांनो’. बडेबाबूंनी ते पत्र काच लावून भिंतीवर टांगलं. साहेबांनी आपल्याला मित्र म्हटलं, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. पुढे मलाही दाखवलं. मी छापखान्यातला माणूस. शाई बघताच ओळखलं आणि सांगून टाकलं, की हे सायक्लोस्टाईल आहे, असल्या शंभर प्रती काढल्या असतील आणि शंभर जणांना पाठवल्या असतील. मला वाटलं, आता तरी हा माणूस भिंतीवरची गुलामी खाली उतरवेल. ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे साहेबांच्या शंभर जणांत आम्ही आहोत.”

असल्या माणसाचं काय करायचं?

लिफाफा आला त्याच्या पुढच्या वर्षापासून त्यांनी स्वतःचं पत्र सुरू केलं होतं. खानदानी कुटुंब वर्षाअखेर मित्रमंडळींना आपली खुशाली कळवतं, असा त्यांनी मडमेच्या पत्रावरून नियम काढला होता. मडमेच्या पत्रात जे जे होतं ते ते बाबूंच्या पत्रातही असलंच पाहिजे. कुत्रा नव्हता, म्हणून स्टेशनबाहेरच्या एका लंगड्या पिवळ्या कुत्र्याची ‘आमचा जॅक’ म्हणून नेमणूक झाली. त्याला ते माहीत नव्हतं. छपराच्या जागी घराचे कवेलू, म्हणजे कौलं होती, ते दर वर्षी फेरायचे, तो परिच्छेद आपोआप झाला. राहिला समुद्र. त्यासाठी एका वर्षी बडेबाबू काकूंना, म्हणजे आपल्या बायकोला घेऊन रेल्वेने तिरोड्याला आणि तिथून बैलगाडीने चोरखमाऱ्याच्या तलावावर गेले. काकूंना गाडीचे हिसके सोसेनात. बांधावर सतरंजी टाकून दोघं अर्धा तास बसली. काकूंनी डबा उघडला तर बाबू म्हणाले, थांब, आधी पाण्याकडे बघ. मग त्यांनी खिशातून वही काढून ‘तलावाकाठी रम्य दिवस’ असं लिहिलं, आणि पाच मिनिटांत परत जायची घाई सुरू केली. काकू मला म्हणाल्या होत्या, “पत्रासाठी गेलो रे बाबू. पाणी तं आमच्या गावच्या बोडीतही होतं.”

पत्र लाल आणि हिरव्या शाईतच हवं असे. चार कोपऱ्यांत बिडीच्या लेबलावरचे चार पोपट बसत, कारण त्या दिवसांत तोच ब्लॉक मशीनवर चढलेला असे. पत्र मराठीत असूनही एक प्रत विलायतेला जायची. साहेबाला मराठीची बाराखडी येत नव्हती. मडमेची पत्रं तीन वर्षांत बंद झाली, पण पोपट जातच राहिले.

इथपर्यंत सगळं हसून सोडून देण्यासारखं आहे, आणि मीही तसंच करत होतो. पण पत्रात एक चौथा परिच्छेद असायचा.

बडेबाबूंना एकच मुलगी, सुशीला. माझ्यापेक्षा वर्षभराने मोठी. तिला रायपूरला दिलं होतं. अकरा महिन्यांत नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि सुशीला आपली पेटी घेऊन बापाच्या घरी परतली. पेटी आतल्या खोलीत ठेवली गेली आणि तीही. त्या वर्षीच्या पत्रात चौथा परिच्छेद असा होता: ‘चि. सुशीला रायपूरला आपल्या घरी सुखात असून तिला यंदा हार्मोनियमचा छंद लागला आहे.’

पुढच्या वर्षी विणकाम. त्याच्या पुढच्या वर्षी गुलाब.

आता यातली गंमत ऐका. पत्राचं प्रूफ तपासायला सुशीलाच असे. बडेबाबू स्वतःचं प्रूफ कधी बघत नसत. मालगोदामाचा कायदा होता, की बिल्टी, म्हणजे मालाची पावती, बनवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा, आणि एकदा ‘तपासले’ म्हणून सही झाली की तो कागद बनवणाऱ्याने पुन्हा उघडायचा नाही. हा कायदा त्यांनी घरी आणला होता. घरात शुद्ध लिहिणारी दुसरी कोणी नव्हती. म्हणून मी ओला कागद घेऊन त्यांच्या मागच्या दाराने जायचो, कारण पुढच्या दाराने गेलो तर सुशीला कोणाला तरी दिसली असती, आणि ती उंबऱ्यावर बसून आपल्याच सुखाच्या चुका दुरुस्त करायची. गुलाबाच्या वर्षी तिनं मान वर केली आणि विचारलं, “यंदा मला गुलाब लागले का भाऊ?” मी पेन्सिल पुढे केली. तिनं एक राहिलेली मात्रा घातली, खाली ‘तपासले’ लिहिलं, सही केली.

मी पेटून बाहेर पडायचो. स्त्रीच्या दास्यावर मी त्या वर्षांत दोन पत्रकं लिहिली, दोन्ही कडक होती. आणि डिसेंबर आला की तोच चौथा परिच्छेद स्वतः जुळवायचो. मालक म्हणत होते ना, हरफ के अंदर झाँकना नहीं.

एकदा डोंगरगडचे एक निवृत्त गार्ड, पत्राच्या यादीतले, अचानक घरी आले. मी छापील पत्रांचं बंडल द्यायला गेलो होतो म्हणून सापडलो. त्यांनी सुशीलेसाठी लुगडं आणलं होतं, रायपूरला पाठवा म्हणाले. सुशीला त्या वेळी भिंतीपलीकडे आपल्या पेटीवर बसली होती. दोन तास. तिथून उठली असती तर पेटीची कडी वाजली असती. चहा तिनंच, गार्डाची चाहूल लागण्याआधी, घरच्यांसाठी करून ठेवला होता. गार्डसाहेब घोट घेऊन म्हणाले, वा, पण सुशीलेच्या हातच्या चहाची सर नाही. बडेबाबू म्हणाले, “आता तो रायपूरवाल्यांच्या नशिबात.” मी तिथून उठलो आणि बंडल न देताच निघालो. रागानं नव्हे. मला आतून खोकला ऐकू आला होता आणि तो दाबल्याचाही.

पंचावन्नच्या पावसाळ्यानंतर सुशीलेनं एक फॉर्म मिळवला. भंडाऱ्याला मास्तरणींचं ट्रेनिंग, राहायची सोय, नंतर नोकरी. फॉर्मवर पालकाची सही हवी होती आणि जानेवारीअखेरची मुदत होती. ती तेव्हा पंचविशीची. पुढच्या वर्षी वयात बसली नसती. तिनं फॉर्म बापासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, नीट घडी केली आणि पत्रांच्या फाइलीत ठेवून दिला.

मी भांडायला गेलो. जाताना वाटेत भाषण तयार केलं होतं, त्यात शृंखला होत्या, नवा भारत होता. ते सगळं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “साठ घरांत ती रायपूरला आहे, पुढारी. तिथून ती भंडाऱ्याला कशी जाईल?”

“ती रायपूरला नाहीच, बडेबाबू. आत आहे.”

“छापलेलं आहे,” ते म्हणाले.

मला माझ्याच धंद्याची चपराक बसली. छापलेलं ते खरं, हे मी बिडीवाल्या बायकांना सांगत फिरत होतो.

डिसेंबर आला. पत्राचा मजकूर आला. हिमवृष्टी झाली नाही. कवेलू फेरले. काकूंचा गुडघा दुखतो. चि. सुशीला रायपूरला सुखात असून यंदा चित्रकला शिकते आहे. जॅकच्या पायाला इजा झाली होती, पण तो उमेदीनं आहे. मी जुळवलं, प्रूफ काढलं आणि मागच्या दारानं गेलो. सुशीला तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, कागद वाचला आणि चौथ्या परिच्छेदावर एक सरळ रेघ ओढली. मग समासात, बारीक अक्षरात, नवा मजकूर लिहिला. काकू चुलीपाशी होत्या. त्यांनी विचारलं, “लय चुका आहेत का वो?”

“एकच आहे,” सुशीला म्हणाली.

तिनं ‘तपासले’ लिहिलं आणि सही केली. मी विचारलं, ताई, हे असंच छापू? ती म्हणाली, “प्रूफावर जे येते ते छापता ना तुम्ही? मग काऊन विचारून राहिले?”

मी छापलं. साठ प्रती, पोपटांसकट. बडेबाबू बंडल न्यायला आले, त्यांनी तपासलेल्या प्रूफावरची सही लांबून बघितली आणि मान डोलावली. कागद त्यांनी उघडला नाही. घड्या छापखान्यातच झालेल्या होत्या. पंधरा तारखेला पत्रं टपालात पडली.

बड्या दिनाला सकाळी फाइलमधल्या प्रतीचं घरी वाचन होत असे. मला दर वर्षी बोलावणं असे, कारण मीही एक प्रकारे हमालच होतो. बडेबाबू जुना कोट घालून व्हरांड्यात बसत. काकूंनी तांदळाच्या पिठाचं काहीतरी डब्यात वाफवलेलं असे, त्याला केक म्हणायचा हुकूम होता. सुशीला आतल्या दाराच्या पडद्यामागे. बडेबाबूंनी घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. हवामान झालं. कवेलू झाले. चौथ्या परिच्छेदाला ते नेहमी आवाज गोड करत, तसा केला. आयुष्यभर बिल्ट्या मोठ्यानं वाचलेला माणूस. ओळ सुरू झाली की संपल्याशिवाय त्यांना थांबता येत नसे.

“चि. सुशीला गेली पाच वर्षे आमच्याच घरी आहे. तिच्या पतीने दुसरा संसार केला. तिला शिक्षिका व्हायचे असून फॉर्मवर वडिलांची सही व्हायची आहे.”

मग ते थांबले. कागद उलटा करून पाहिला, जणू खरा मजकूर मागे असेल.

“हे कोणी तपासलं?”

पडद्यामागून आवाज आला, “मी.”

“सही?”

“माझीच होय, बाबूजी. तपासलेला कागद उघडत नाही ना आपण.”

काकूंनी डब्यातला केक कापायला घेतला. सुरी खाली टेकली. मग काकू म्हणाल्या, “वाचा ना पुढं. कुत्र्याचं काय झालं?”

बडेबाबू माझ्याकडे वळले. हे तुझं काम आहे पुढारी, असं म्हणाले. मी छाती पुढे काढून होय म्हणायला तयार होतो. चार वर्षं त्याच वाक्याची वाट बघत होतो. पण ते माझं काम नव्हतं. मी फक्त छापलं होतं, जसं आधीचं सगळं छापलं होतं.

त्यानंतर बडेबाबू स्टेशनवर जायचे बंद झाले. एरवी नव्या वर्षात ते रोज संध्याकाळी फलाटावर उभे राहत, जाणाऱ्या-येणाऱ्या जुन्या सहकाऱ्यांकडून पत्राची तारीफ घ्यायला. आता ते घरात बसून पोस्टमनची वाट बघत. दर वर्षी आठ-दहा उत्तरं येत. त्यांना खात्री होती, की या वर्षी साठ येतील, आणि प्रत्येकात त्यांची अब्रू धुतलेली असेल. काकू सांगत, की जेवणावरून उठतात, अंगणात जातात, परत येतात. मला दया आली का? खरं सांगतो, आली नाही. पाच वर्षं पेटीवर बसलेली बाई मी बघितली होती.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मुदत संपायला थोडे दिवस असताना, ते छापखान्यात आले. हातात पत्रांची जुडी होती, न उघडलेली. बसले नाहीत. म्हणाले, “तू वाच.”

नऊ पत्रं होती. मी एकेक फोडून वाचत गेलो. एकानं लिहिलं होतं, पत्र पोचले, वाचून आनंद झाला, सर्व कुशल. दुसऱ्यानं रायपूरच्या जावईबापूंना नमस्कार कळवला होता. डोंगरगडच्या गार्डसाहेबांनी सुशीलेच्या गुलाबांना आशीर्वाद दिले होते. गुलाब दोन वर्षांपूर्वीचे. तिघांनी नुसतं ‘आपणासही तसेच’ लिहिलं होतं. एकाला नागपूरला बदलीसाठी शिफारस हवी होती. आणि दोघांना जॅकच्या पायाचं वाचून फार वाईट वाटलं होतं.

“आणखी?”

“संपली.”

“सुशीलेचं?”

“कोणीच नाही, बडेबाबू.”

ते कागदाच्या गठ्ठ्यावर बसले. इतकी वर्षं मी त्या माणसाचा दिमाख मोडायची वाट बघत होतो, आणि तो मोडला तेव्हा आवाजही झाला नाही. ते चालू मशीनकडे बघू लागले. पायडल वर-खाली होत होतं, पोपट बाहेर पडत होते. “आठ वर्षं, पुढारी,” ते म्हणाले. “आठ वर्षं हवामान लिहिलं.”

मग त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून फॉर्म काढला. म्हणजे तो फाइलीतून बाहेर काढून, खिशात घालून ते घरून निघाले होते. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण त्यांच्याविरुद्ध लिहिताना ते आड येतं. त्यांनी मालकांची दौत मागितली आणि सही केली, तीच ती गोदामातली, शेपटी लांबवलेली.

“कागद तपासून गेला आहे,” ते म्हणाले. “आता माल अडवून ठेवता येत नाही.”

स्वतःच्या मुलीला माल म्हणणाऱ्या त्या माणसाला मी सुनावणार होतो. पण शाई ओली होती, आणि मी टिपकागद शोधत होतो.

सुशीला भंडाऱ्याला गेली. या वेळी पुढच्या दाराने, भर दुपारी, टांग्यात. काकू टांग्याबरोबर गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेल्या.

मला वाटलं होतं, पत्र आता बंद होईल. माझा अंदाज चुकला. छपन्नच्या डिसेंबरात बडेबाबू मजकूर घेऊन हजर. हिमवृष्टी नव्हतीच. नोव्हेंबरात आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला होता, त्यावर त्यांनी लिहिलं होतं, ‘यंदा आम्ही राज्य बदलले, घर मात्र तेच आहे.’ जॅक वारला होता. त्याला पूर्ण परिच्छेद होता. आणि चौथा परिच्छेद असा: ‘चि. सुशीला भंडारा येथे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेत आहे. स्त्रीशिक्षणाबाबत मी सुरुवातीपासून आग्रही होतो, हे आपणा सर्वांस विदित आहेच.’

सुशीला दोन दिवसांच्या सुटीवर आली होती. प्रूफ तपासायला ती स्वतः छापखान्यात आली, स्टुलावर बसली, चहा मागवून घेतला. वाचून झाल्यावर तिनं पेन्सिल उचलली तेव्हा मी मान पुढे काढून बघत होतो. तिनं एक राहिलेला अनुस्वार दिला आणि खाली सही केली.

मी म्हणालो, ताई, ‘सुरुवातीपासून’? हे तुम्ही राहू देता? ज्या माणसानं तुम्हाला पाच वर्षं पेटीवर बसवलं त्याचं हे सफेद खोटं साठ घरांत जाऊ देता? यावर तर पत्रक काढलं पाहिजे. मी आणखी बरंच बोललो.

तिनं चहा संपवला. कप खाली ठेवताना म्हणाली, “राहू द्या भाऊ. वाचते कोण?”

ती गेल्यावर मी जुळवलेल्या खिळ्यांचा फर्मा मशीनवर चढवला. छापलेले पोपट वाळायला टाकायला जागा हवी होती, म्हणून दोरीवरची माझी पत्रकं मला एका बाजूला सरकवावी लागली. ती आदल्या दिवसापासून तशीच होती. न्यायला कोणी आलं नव्हतं.